बाबांची दुसरी ड्यूटी

नारायण पेठेतल्या त्या टायपिंग क्लासचा खडखडाट अजून माझ्या झोपेत येतो. दुपारची उन्हं जिन्यावर पसरलेली, सगळी यंत्रं एकदम चाललेली आणि मी अर्धवट जागी. आमचे सर भारी खवचट. "अहो, बोटांकडे काय बघताय? पळून जात नाहीत ती," म्हणायचे. विश्रांतवाडीला परतताना बसमध्ये डुलकी लागायची, तरी बोटं आपली मांडीवरच्या पर्सवर चालूच.

बाबांची शाळा सातवीतच सुटली, म्हणून कारखान्यात कायम हेल्पर. आयटीआय करून आलेली कालची पोरं त्यांच्या डोळ्यांदेखत ऑपरेटर व्हायची, पगारही त्यांनाच जास्त. घर भागायचं नाही, म्हणून बाबा संध्याकाळी एका सोसायटीत वॉचमनची दुसरी ड्यूटी करायचे. जेवताना हातात घास धरूनच पेंगायचे. मला बघवायचं नाही. मला नोकरी लागली की ही ड्यूटी बंद, एवढंच माझ्या डोक्यात असायचं.

तेव्हा शहरात कॉम्प्युटरच्या कंपन्या नव्याने येत होत्या. एकीत डेटा एंट्रीसाठी बारावी आणि टायपिंगचं सर्टिफिकेट चालणार होतं. परीक्षेला गेले तर काचेची खोली, गारेगार एसी, पायाखाली मऊ गालिचा, सगळं स्वप्नातल्यासारखं. टाइपरायटरवर ओळ संपली की डाव्या हाताने दांडा ढकलावा लागतो. इथे पहिली ओळ संपली आणि सवयीने माझा हात उडाला. दांडा होता कुठे? शेजारचा पाण्याचा ग्लास मात्र आडवा!

"अहो ताई, ओळ कॉम्प्युटरच बदलतो," परीक्षा घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या. बाकीच्या मुली फिदीफिदी हसल्या. अगं बाई, गेली नोकरी! मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी प्रत्येक ओळीला हात उडायचाच, मी तो खेचून परत आणायचे. बोटांकडे मात्र एकदाही बघितलं नाही.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "हात तेवढा आवरा. सोमवारपासून या."

घरी आले तेव्हा बाबा दारात बसून ड्यूटीवर जायला बूट घालत होते. मी पगार सांगितला. इतकी वर्षं राबून कारखान्यात त्यांना मिळत होता त्याहून तो जास्त होता. सांगताना मला आनंदाआधी लाजच वाटली. त्यांनी आकडा पुन्हा सांगायला लावला.

"मग आज मी नाही गेलो तर चालेल का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी खाली बसले आणि त्यांच्या बुटाची नाडी सोडायला लागले.