चुलीचं तोंड

माझी मावशी चुली घालायची. साध्या नव्हे, धुराड्याच्या. एका संस्थेनं तिला आठ दिवस शिकवलं, लोखंडी साचा दिला आणि तेव्हापासून तिच्या तोंडी 'माझी चूल' सुरू झालं. कुणी चहाला बोलावलं तरी ही आधी स्वयंपाकघरात डोकावणार, छताकडे बघणार आणि नाक मुरडणार. "काजळी बघा! हेच जातंय तुमच्या छातीत." लोक तिला 'धुराडेबाई' म्हणायचे. तिला ते आवडायचं.

हा सगळा आटापिटा खरं तर ताईसाठी होता. ताई म्हणजे मावशीची एकुलती एक मुलगी. सासरी दहा माणसांचा स्वयंपाक, बिनखिडकीची खोली आणि जळणाला शेतातून येणाऱ्या कापसाच्या पऱ्हाट्या. चौतिसाव्या वर्षी एक हंडा पाणी आणताना तिला तीनदा बसावं लागायचं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. धूर थांबला नाही तर पुढचा हिवाळा अवघड आहे, म्हणाले.

मावशीनं तिथली चूल जीव ओतून घातली. मी छपरावर पाइप धरून उभी होते आणि खालून तिच्या शिव्या खात होते. चूल पेटली, धूर सरळ वर गेला. "विहीणबाई, आज डोळ्यांना पाणी नाही आलं हो," ताईच्या सासूबाई म्हणाल्या. परतताना मावशी रस्ताभर त्या चुलीबद्दलच बोलत होती. मी वैतागून तिला गप्प केलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दीड महिन्यानं आम्ही पुन्हा गेलो तर दारातच डोळे चुरचुरले. चुलीचं तोंड फोडून भगदाड केलं होतं आणि त्यातून लांबच्या लांब पऱ्हाट्या बाहेर आल्या होत्या. खोलीभर धूर कोंडला होता.

"कुणी फोडली?" मावशी विहीणबाईंवर कडाडली.

"मी," ताई म्हणाली.

"तू? अगं, तुझ्यासाठीच तर घातली ना?"

"तुझ्या चुलीचं तोंड एवढंसं, आई. वीतभर तुकडेच आत जातात. वाळलेली पऱ्हाटी हातानं मोडत नाही. कोयत्यानं तोडायची, एकेकीचे सहा तुकडे. सासूबाईंचा हात चालत नाही. आठ दिवस तोडल्या मी. चूल पेटवायच्या आधीच दम संपायचा. मग..." तिला खोकल्याची उबळ आली. आम्ही उभ्याउभ्या वाट बघत राहिलो. "मग कोयत्याच्या पाठीनं फोडलं तोंड."

"आणि या घरातले पुरुष काय करतात?" मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं. जावईबापू बाहेर ओट्यावरच बसले होते. त्यांनी ऐकलं असणार. उठले मात्र नाहीत.

साचा बनवणाऱ्यांनी करवतीनं कापलेलं लाकूड डोळ्यांपुढे ठेवलं होतं. पण मावशीनं स्वतः चाळीस वर्षं पऱ्हाट्या जाळल्या होत्या, अख्ख्या, जळतील तशा आत सरकवत. तरी साचा हातात आल्यावर तिला ते सुचलं नाही. मलाही नाही. आम्हाला वाटलं, शिकलेल्यांनी दिलेलं माप बरोबरच असणार.

मावशी चार दिवस तिथं राहून पऱ्हाट्या तोडत बसली. तो ढीग आठवडाभरात संपला. लेकीच्या सासरी आई किती दिवस राहणार? मग ती आपण घातलेल्या बाकीच्या चुली बघत फिरली. एकतीसपैकी चोवीस चुलींची तोंडं फोडलेली होती. "छान चालते हो," असं बायका सांगायच्या, तिला वाईट वाटू नये म्हणून.

मोठं तोंड ठेवूनही धूर वर जाईल अशी चूल जमवायला तिनं तीनदा घातली, तीनदा मोडली. चौथीसाठी माती भिजवली त्याच आठवड्यात ताई गेली.

मागच्या महिन्यात मी मावशीकडे गेले. तिनं स्वतःच्या घरातलं धुराडं काढून भिंतीचं भोक बुजवलं होतं. तीन दगड मांडून, धुरात तोंड घालून स्वयंपाक चालला होता. माझा संतापच झाला.

"निदान तुझी तरी ठेवायची! मरायचंय का तुला?"

तिनं पऱ्हाटी आत सरकवली. खोकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या लेकीला कसं होत होतं, ते मला कळायला नको?"