नायकानं सांगितलेली गोष्ट

आत्याबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी जालन्याच्या स्टँडवर सासरी वाटूरला जाणाऱ्याच एसटीची वाट बघत होते. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली आणि मामा, म्हणजे माझे सासरे, गाडी बोलवेपर्यंत सगळं संपलं… आता महिना होऊन गेला. भेटायला येणारे त्यांच्या हाताच्या चवीबद्दल बोलतात. वाचनाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आत्याबाई नववीपर्यंत शिकलेल्या. प्रेमाच्या गोष्टींचं त्यांना भारी वेड. नायिकेनं सांगितलेली एक कादंबरी तर त्या वरचेवर वाचायच्या. नायक लग्नाचं वचन देऊन शहरात जातो, पुढं त्याचा ना निरोप ना पत्ता. मग एक दिवस तो उगवतो आणि नायिका त्याला माफ करते. "म्या न्हाई केलं असतं," असं म्हणूनच आत्याबाई पुस्तक मिटायच्या.

गेल्या उन्हाळ्यात मला त्या कादंबरीचा दुसरा भाग मिळाला. गोष्ट तीच, पण सांगणारा नायक. तेव्हाच आत्याबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, मी रजा काढून गावी गेले होते. दुपारी मी मोठ्यानं वाचायची, ओसरीवर मामा लसूण सोलत बसायचे. एका प्रकरणात कळलं की नायक मध्येच एकदा गावापर्यंत येऊन गेला होता. नोकरी सुटलेली, रिकाम्या हातानं तिच्यासमोर कसं जायचं, म्हणून वेशीवरूनच परतला.

"आल्ता व्हय मेला!" आत्याबाई ओरडल्या. "मंग बोलला का न्हाई?"

"आलं नसंल त्याला बोलता," ओसरीवरून मामा म्हणाले.

काळा चष्मा सावरत आत्याबाई उठून बसल्या. "तुम्हाला तरी कुठं आलं? साखरपुडा झाल्यावर लग्न सालभर लांबवलं. का, ते आजवर सांगितलं न्हाई."

मामांनी लसूण बाजूला ठेवला. "पाहायला आल्तो तवा तू म्हणली व्हतीस, मॅट्रिकला बसायचंय. म्हणून मीच घरी सांगितलं, एक साल थांबा."

"आन् माझ्या बापानं त्याच आठवड्यात शाळा सोडवली! ठरलं लग्न, आता कशाला शाळा म्हणून. मला वाटलं, मी काळी, तुमचं मन फिरलं."

"बिलकुल न्हाई." मामांचा आवाज उतरला. "मला वाटलं, तू नापास झालीस. वाईट वाटंल म्हणून इचारलं न्हाई."

त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्या चिडल्या. दोन दिवस मामांशी बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "मीना, असला भला माणूस जलमभर घरात व्हता आन् मला पत्ता न्हाई!" मग एका सकाळी त्यांनीच मामांना स्वयंपाकघरात बोलावलं. त्या दिवसापासून सगळं नव्यानं निघू लागलं, थोरल्या मुलाच्या जन्मापासून ते विहीर आटली त्या सालापर्यंत. भाकरी थापता थापता त्या विचारायच्या, "मंग तुम्हाला काय वाटलं?" मामा सांगायचे. अडखळत, पण सांगायचे. असे चार-पाच महिने त्यांना मिळाले.

परवा मामांनी मला पुस्तक वाचून दाखवायला सांगितलं. मी दुसरा भाग काढला.

"तो नगं. पहिला आण. तिच्याकडचं ऐकायचं राह्यलं माझं."

मी वाचू लागले. थोडी पानं झाली आणि एका कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलेलं दिसलं. मी मामांना दाखवलं. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं.

"हितं उठली असंल ती, चुलीवरचं बघायला," ते म्हणाले. "थांब जरा… येऊ दे तिला."