भिकाजीकाकाने एकदाच सांगितलेली किंमत

गणपती विकत घेतला असं आमच्या वाडीत कोणी म्हटलं, तर म्हातारी माणसं अजूनही कान धरायला लावतील. गणपती आणायचा असतो. नागपंचमीला आपल्या घरचा पाट भिकाजीकाकाच्या शाळेत नेऊन ठेवायचा, गणपती कसा हवा ते सांगायचं, आणि चवथीला त्याच पाटावर बसलेला गणपती डोक्यावरून घरी न्यायचा. शाळा म्हणजे पोरांची नव्हे. गणपती करतात त्या जागेला आमच्याकडे शाळा म्हणतात. भिकाजीकाकाची शाळा म्हणजे मालवण बंदराकडे उतरणाऱ्या पाणंदीला लागून असलेली त्याच्या घराची लांब पडवी.

सांगणं प्रत्येकाचं वेगळं असे. कोणाला सिंहासन हवं, कोणाला हातात बासरी, कोणाचा उंदीर डावीकडेच बसलेला हवा, कारण आजोबांच्या वेळी तो तिकडे बसत असे. खालच्या घरच्या तात्यांना दर वर्षी सिंहासनाला दोन सिंह लागत, आणि तेही आ वासलेले. काका सगळं ऐकून घेई. मान डोलवी. लिहून काही ठेवत नसे, पण ज्याचा उंदीर त्याच्याच पाटावर येई.

आणि किंमत? ती काका कधी कोणाला सांगत नसे. "काका, काय देवचां?" असं विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं.

"तुमका दिसात तां."

शाळेच्या दाराशी एक चौरंग असे. गणपती उचलायच्या आधी त्यावर विडा आणि नारळ ठेवायचा, आणि पानांखाली जे काय द्यायचं ते. काका तेव्हा मुद्दाम पाठ करून उभा राही. माणूस गेला की आनंदीकाकी आतून येई, नारळ उचली, पैसे पदरात घेई आणि चौरंग पुसून पुढच्या माणसाला मोकळा करी. त्यामुळे कोणी काय दिलं ते काकाला कधी कळत नसे. काकीला सगळं कळे. दोन आ वासलेल्या सिंहांसाठी तात्या पानाखाली काय ठेवत ते तिला पाठ होतं, आणि तात्यांच्या घरच्या हळदीकुंकवाला ती कधी गेली नाही. काका मात्र तात्यांशी वर्षभर गोड बोले. न बघण्याचे असे फायदे असतात.

दोघांना एकच मुलगा, लवू. हात बापाचाच. सोळाव्या वर्षी तो गणपतीची बोटं अशी करी की काका बाजूला उभा राहून नुसता बघत बसे. पण लवूने चौरंग बघितला होता. एकदा जेवताना तो बापाला म्हणाला, "बाबा, किंमत सांगा. लोक लुटतत तुमका."

"देवाची किंमत मी सांगू?"

"देवाची नको. मातयेची सांगा, रंगाची सांगा. तुमच्या हाताची सांगा."

काका हसला आणि भातावर आमटी ओढून घेतली. त्या वर्षी दसऱ्यानंतर लवू गुरुदासशेटच्या गलबतावर खलाशी म्हणून लागला. शेटचा पगार ठरलेला होता. न विचारता मिळत होता.

हे पन्नास-एकावन्न सालचं. पुढची काही वर्षं लवू पावसाळ्यात घरी येई, कारण गलबतं तेव्हा किनाऱ्यावर ओढलेली असत, आणि बापाबरोबर शाळेत बसे. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला की पुन्हा गलबतावर. असं दोघांचं बरं चाललं होतं. काकीने त्याच्यासाठी मुलगीही बघून ठेवली होती.

अठ्ठावन्न साली गुरुदासशेटला घाई झाली. चवथीचा बाजार तोंडावर आला होता, दुसऱ्या कोणाचा माल बंदरात उतरायच्या आत आपला उतरवायचा होता. पुनवेला अजून चार दिवस होते, दर्याला नारळ पडला नव्हता, आणि शेटने गलबत सोडायला लावलं. गलबत हाकणारा तांडेल नको म्हणत होता. शेट म्हणाला, नारळ मी इथून टाकतो, तुम्ही निघा. गलबतावर लवू होता, आणि आमच्याच वाडीतला बाळा होता, लवूच्या वयाचा.

पुनव झाली, गलबताचा पत्ता नाही. देवगडच्या पुढे काहीतरी झालं असं बंदरावर बोलू लागले. काका शाळेत बसून रंग लावत होता. विचारलं की म्हणे, "येतलो." काकी दिवसातून दोनदा बंदरावर जाऊन येई.

हरताळकेला दहा दिवस उरले होते तेव्हा बाळा परत आला. एकटाच. देवगडकडच्या एका वाडीत तापाने पडून होता, उभं राहता आलं तसा निघाला. घरीही न जाता तो आधी शाळेत आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

काकाच्या समोर साठएक गणपती ओळीने बसलेले होते. रंग झाले होते, डोळे व्हायचे होते. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, आणि ती काकाशिवाय कोणी करत नसे. एक लवू शिकला होता. काकाने बाळाकडे बघितलं. बाळाच्या तोंडावर जे होतं ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

"काका..."

"थांब," काका म्हणाला. कुंचला त्याच्या हातातच होता. "तू माका काय सांगूक इलंस?"

बाळाने होय म्हणून मान हलवली.

"मगे आज सांगू नको. चवथ होवंदे. आमचो गणपती पोचवून येवंदे. तोवर तू माका गावलंस नाय."

बाहेरच्या वाचकाला हे विचित्र वाटेल, म्हणून सांगतो. दूर कुठे आपलं माणूस गेलं, तर सूतक ते गेल्याच्या दिवसापासून लागत नाही, आपल्या कानावर पडल्यापासून लागतं. पुढे दहा दिवस देवाला हात लावायचा नाही. काकाने त्या दिवशी ऐकलं असतं, तर साठ घरांचे गणपती आंधळे राहिले असते. दुसरी शाळा लांब, आणि तिथले हात आपल्याच कामात. म्हणून काकाने ऐकलं नाही. समजलं असणारच. पण समजणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, असं त्याने स्वतःशी ठरवून टाकलं आणि पहिल्या गणपतीसमोर बसला.

वाडीनेही तेच ठरवलं. बाळाने आपल्या आईला सांगितलं, आईने शेजारी सांगितलं, दोन दिवसांत सगळ्यांना माहीत झालं, आणि शाळेसमोरून जाताना सगळे पावसापाण्याचं बोलू लागले. काकाच्या जिवाला जपतो आहोत, असं लोक एकमेकांना सांगत होते. माझा राग येतो तो इथे. जपत होते ते आपापल्या पाटाला. एवढ्या साठ घरांत एकालाही वाटलं नाही की जाऊन म्हणावं, भिकाजी, यंदा आमच्याकडे सुपारीचा गणपती पुजू, तू घरात जा आणि रड.

काका रडला नाही. काही झालंच नाही त्याला. सकाळी उठे, कुंचला बारीक करी, डोळे आखी. जेवण पानात येई ते संपवी. रात्री पडवीतच आडवा होई.  पुढे लोक सांगत, त्या वर्षीचे डोळे बघवत नव्हते, भरून आल्यासारखे होते. खोटं आहे. आमच्या घरचा गणपती मी जवळून बघितला आहे. डोळे दर वर्षीसारखेच होते, आणि माझ्या मते भयंकर जर काही असेल तर ते हेच.

एक गोष्ट मात्र बदलली होती. आनंदीकाकी शाळेत येईनाशी झाली. ती मागच्या परसातल्या खोपीत असे, तिथेच निजे. काकाचं पान शेजारची यशोदा वाढून आणी. काकाला वाटलं, काकीला राग आला आहे. लवू गलबतावर गेला तो चौरंगापायी, आणि चौरंग आपला. राग येणारच. तो समजूत घालायला गेला नाही. समजूत घालायला गेलो तर बोलावं लागेल, आणि बोललं तर ऐकावं लागेल, म्हणून.

हरताळकेच्या दिवशी सकाळी गुरुदासशेट आला. दर वर्षी तो चवथीच्या पहाटे गडी पाठवी. ह्या वर्षी स्वतः आला, सगळ्यांच्या आधी. चौरंगावर विडा ठेवला, नारळ ठेवला. काका पाठ करून उभा राहिला.

वाडीत बोलणं होत होतं की लवूच्या बापाला शेटने काहीतरी द्यायला हवं. शेटलाही ते पटलं होतं. फक्त देताना त्यावर बोलावं लागू नये, एवढीच त्याची इच्छा होती, आणि त्यासाठी काकाच्या रितीसारखी सोय दुसरी नव्हती. किंमत सांगायची नाही, दिलेलं मोजायचं नाही, परत करायचं नाही.

"न्हेतंय मरे," शेट म्हणाला.

काका वळला. दर वर्षी ह्या वेळी आतून काकी येई. आज कोणी आलं नाही. काकाने आतल्या दाराकडे बघितलं, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतः चौरंगावरचा नारळ उचलला. पानांखाली नोटांची जाड घडी होती, सुतळीने बांधलेली. एवढ्यात शाळेतले सगळे गणपती आले असते, पाटांसकट.

"शेट, ह्यां काय?"

"तुझी रीत," शेट म्हणाला. त्याचं लक्ष पाणंदीकडे होतं. "देणाऱ्याक दिसात तां. माका इतक्या दिसला."

काकाने घडीला बोट लावलं नाही. अजून सगळे गणपती शाळेत होते. ती घडी जे सांगत होती ते बाळाने उंबऱ्यावर गिळलं होतं. घेतली, की ऐकल्यासारखंच.

"यंदा किंमत मी सांगतंय," काका म्हणाला. "तुमच्या गणपतीक एक नारळ. तो माका पावलो. बाकीचां उचला."

"भिकाजी, असां करू नको. घरात लागतला."

"उचला, शेट. त्यात काय आसा तां माका चवथीपर्यंत समजाचां नाय."

शेटने घडी उचलली, गणपती गड्याच्या डोक्यावर दिला आणि गेला. चवथ झाल्यावर तो ते पैसे घेऊन पुन्हा आला नाही. सोय त्याला एकदाच सापडली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शाळा रिकामी झाली. काकीने घरी चवथीचा स्वयंपाक केला, नैवेद्य दाखवला. दोघांनी दीड दिवस गणपती पुजला आणि एकमेकांशी मिठापुरतं बोलले. तिसऱ्या प्रहरी काकाने गणपती पाण्यात सोडला, रिकामा पाट काखेत घेतला आणि ओल्या धोतराने सरळ बाळाच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आता सांग."

बाळाने सांगितलं. गलबत खडकावर फुटलं. दोघांनी एकच फळी धरली होती. रात्रभर लवू बोलत होता, पहाटे बोलायचा थांबला, आणि उजेड झाला तेव्हा फळीवर बाळा एकटा होता. काकाने सगळं ऐकून घेतलं, नेहमीसारखी मान डोलवली आणि घराकडे वळला. चालताना त्याला एकच काळजी होती, हे आता तिला कसं सांगायचं.

काकी विहिरीवर होती. काका दगडावर बसला. पाट अजून काखेतच होता.

"आनंदी," तो म्हणाला, "आंघोळ कर गो. आपणाक सुतक इला."

काकीने कळशी खाली ठेवली.

"तुमका आज लागला," ती म्हणाली. "माझां हरताळकेक फिटला."

बाळा ज्या दिवशी आला त्याच दुपारी ती त्याच्याकडे गेली होती. तिने विचारलं होतं आणि ऐकलं होतं. गणपतींना आपली सावली लागू नये, म्हणून दहा दिवस परसातल्या खोपीत एकटी बसली होती, एक वेळ जेवून, आवाज न करता, नवऱ्यापासून पंधरा पावलांवर. शेट आला तेव्हा ती सूतक फिटल्याच्या आंघोळीला ओहोळावर गेली होती. हे सगळं तिने पुढे माझ्या आईला सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाजही चढला-उतरला नाही, असं आई म्हणे.

काकाच्या काखेतला पाट खाली पडला. मग तो रडला. तीन घरं सोडून ऐकू गेलं.

काकीने त्याला रडू दिलं. मग कळशी भरून त्याच्या डोक्यावर ओतली. दुसरी भरली आणि ती स्वतःच्या अंगावर ओतून घेतली.

"तुझां फिटला ना?" काका म्हणाला.

"परत धरतंय," काकी म्हणाली. "एकट्याक दहा दिस लय लांब जातत. माका म्हायत आसा."