दार न वाजवता

मेथीची जुडी द्यायला म्हणून शेजारची कावेराबाई आक्कांच्या घरात गेली आणि तशीच पळत माझ्याकडे आली. थंडीचे दिवस, रविवारची दुपार. जेवण उरकून मी नुकतीच आडवी झाले होते. "सिस्टर, चला लवकर, आक्का खाली पडून हायेत," एवढंच ती म्हणाली. जुडी तिच्या हातातच होती. मी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म काढलेली बाई. बोलावायला आलेल्या माणसाचं तोंड बघून पुढचं ओळखायची सवय झालेली. कावेराबाईचं तोंड बघून कळलं की आता घाईला अर्थ नाही. तरी धावले.

मार्था आक्का माझ्या मोठ्या नणंद. खाट आणि भिंत यांच्या मधल्या जागेत कुशीवर पडलेल्या होत्या. उपासनेला जायची पांढरी साडी नेसलेली, पदराला पिन लावलेली. तोंड डावीकडे ओढलं गेलेलं. मी हात लावला. अंग अजून कोमट होतं आणि जबडा सैल होता. या दोन गोष्टींचा अर्थ मला तिथल्या तिथे कळला, पण त्या दिवशी मी तो कोणाला सांगितला नाही. कारण त्याच सकाळी, उपासना संपल्यावर, आम्ही सगळे त्याच घराच्या अंगणात उभे राहून दोन कडवी गायलो होतो. गायलो, आणि दार न वाजवता आपापल्या घरी परतलो होतो. दाराला आतून कडीसुद्धा नव्हती, नुसतं लोटलेलं होतं... हे असं कसं झालं, ते सांगायचं तर मागे जावं लागेल.

कळमनुरीत आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं कधीच फार नव्हती. आता तर बोटांवर मोजावी अशी उरली आहेत. पोरं शिकली, पुण्याला नाहीतर संभाजीनगरला गेली, तिथल्या मोठ्या चर्चची झाली. इथे पत्र्याचं प्रार्थनाघर राहिलं आणि गुडघे दुखणारी आम्ही माणसं. पास्टर हिंगोलीहून येतात, तेही एक रविवार आड. मधल्या रविवारी आक्काच उपासना चालवायच्या. त्यांनी लग्न केलं नाही. शाळेच्या बोर्डिंगात स्वयंपाक करून माझ्या नवऱ्याला, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाला, त्यांनी शिकवलं. आवाज असा की सूर कुठे आणि आक्का कुठे! पण गाणं उचलायच्या त्याच, आणि तेही सगळ्यांच्या आधी. मला टोमणे मारण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. "सुई टोचायला येते, भाकर थापायला येत न्हाई. माझ्या भावाचं नशीब, दुसरं काय?" असं त्या माझ्या माहेरच्यांसमोर म्हणायच्या. तो भाऊ लवकर गेला. त्यानंतर हे टोमणे बंद होतील असं मला वाटलं होतं. झाले नाहीत, आणि त्याचं मला बरंच वाटलं.

आमच्याकडे एक जुनी पद्धत होती. जो उपासनेला आला नाही त्याच्या घरी नंतर सगळ्यांनी जायचं, दार वाजवायचं, आत बसायचं आणि एक गाणं म्हणायचं. कोणी आजारी असायचं, कोणी रुसलेलं. रुसलेल्यांचा रुसवा निम्मा तिथेच उतरायचा, कारण एवढ्या माणसांना चहा पाजावा लागायचा. योहान दादा ढोलकी गळ्यात अडकवूनच निघायचे. सगळी गल्ली बघायची. कावेराबाई तर म्हणायची, "आमच्यात कोणी देवळात न्हाई आलं तर त्याला कोण इचारतं? तुमचं बरं हाये."

मग माझा आशिष गेला. एकुलता एक. कनेरगाव नाक्याजवळ त्याच्या मोटारसायकलला मागून ट्रकची धडक बसली. नांदेडच्या दवाखान्यात तो काही दिवस होता. तेवढे दिवस इथल्या प्रत्येक घराने उपास केला. प्रार्थनाघरात आळीपाळीने माणसं गुडघ्यावर होती, दिवसभर कोणी ना कोणी. कावेराबाईनेही उपास धरला. आक्कांनी तर पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मी तिकडे मॉनिटरवरचे आकडे बघत होते आणि मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी मागितलं. इतकं मागितलं की पुढे कशासाठी मागायला माझ्याकडे काही उरलं नाही. तो गेला.

त्याला माती दिल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी उपासनेला गेले नाही. सगळे आले, दार वाजवलं. "सुमन, उघड गं." "सिस्टर, असं करू नये." कोणीतरी बाहेरून देवाच्या इच्छेबद्दल बोललं. मी आतून जे बोलले ते इथे छापता येणार नाही. दुसऱ्या रविवारी पुन्हा वाजवलं, पुन्हा मी ओरडले. मला तेव्हा ते दार वाजणं डोक्यात घण घातल्यासारखं वाटायचं आणि आजही मी म्हणेन की माझं काही चुकलं नाही. तिसऱ्या रविवारी अंगणात पावलं वाजली, पण दार वाजलं नाही. आक्कांचा आवाज आला. "कोणी हात लावू नका दाराला. तिला उठायचं न्हाई तर काहून उठवता? गाणं म्हणा आन् चला." त्यांनी दोन कडवी उचलली, नेहमीसारखी बेसूर. बाकीच्यांनी ती सावरून घेतली. आणि सगळे गेले.

तेव्हापासून तोच नियम झाला. माझ्यासाठी केलेला, पण पुढे सगळ्यांसाठीच चालू राहिला. जो आला नाही त्याच्या अंगणात जायचं, दोन कडवी म्हणायची, दार वाजवायचं नाही, उत्तर मागायचं नाही. लोकांनाही ते आवडलं. चहा वाचला, चौकशी वाचली. पण मला एक सांगायचं आहे, कारण बंद दाराच्या आत बसून ते गाणं ऐकलेली मीच आहे. आत सगळं ऐकू येतं. बाहेरच्यांना वाटतं त्याहून जास्त. कोण खोकलं, कोणाचा श्वास पुरला नाही, आज कोण आलेलं नाही, सगळं कळतं. मला त्या गाण्याने धीर दिला असं मी म्हणणार नाही. राग यायचा. पण रविवारी सकाळी आंघोळ करून, केस विंचरून मी त्या रागासाठी तयार होऊन बसायची, हेही खरं. बाकीचे दिवस मी आंघोळही करत नव्हते.

बऱ्याच महिन्यांनी दार उघडलं ते काही विश्वास परत आला म्हणून नव्हे. गाता गाता योहान दादांना ढास लागली, थांबेना, म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. दादा पाणी प्यायले, आक्कांनी राहिलेलं अर्धं कडवं पुरं केलं आणि मला म्हणाल्या, "चहा ठेव आता, उघडलंच हायेस तर." त्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "आक्का, खरं सांगा. तुम्हाला वाटतं का, देव ऐकतो म्हणून?" मला वाटलं बायबलातलं वचन काढतील, उपदेश करतील. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला काय ठाऊक, बाई. आशिषसाठी मी बी मागितलंच की. पण मी गेले न्हाई तर योहान येत न्हाई. योहान न्हाई तर ढोलकी न्हाई. ढोलकी न्हाई म्हणल्यावर बाकीचे बी घरीच. मग काय करू, भिताडाकडं बघत बसू?" यापलीकडे त्यांनी मला श्रद्धेबद्दल कधी काही सांगितलं नाही. मी पुढच्या रविवारपासून जाऊ लागले. प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायची, मागायची मात्र काही नाही. आक्कांना ते माहीत होतं. त्यांनी कधी विचारलं नाही.

आणि मग तो रविवार. पास्टरांचा रविवार होता, म्हणून उपासना अडली नाही, पण आक्का आल्या नाहीत असं पहिल्यांदाच झालं. आम्हाला नवलच वाटलं, पण काळजी वाटली नाही... आमच्यात पन्नास वेळा कोणी ना कोणी येत नसे. गाणं म्हटलं की झालं. योहान दादा गमतीने म्हणालेसुद्धा, "आज आक्काला तिचंच औषध पाजू." अंगणात गेलो. दादा दाराच्या अगदी जवळ उभे होते. आक्का नसल्यामुळे गाणं कोणी उचलावं यावर जरा अडलं, मग मीच उचललं, मोठ्याने. छान झालं, सूर लागला एकदाचा. समोरून कावेराबाईने पाहिलं आणि तिलाही वाटलं की एवढी माणसं येऊन गेली म्हणजे सगळं बराबर असणार. म्हणून तीही दुपारपर्यंत तिकडे फिरकली नाही. दार वाजवावं असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. वाजवायचं नसतंच, असं हाताला वळण लागलं होतं.

मातीला माणसं कमी पडली. खांदा द्यायला कावेराबाईची पोरं आली, कबरही त्यांनीच खणली. पास्टरांनी चांगलं भाषण केलं. म्हणाले, आक्का किती भाग्यवान, पहाटेच शांतपणे प्रभूमध्ये झोपी गेल्या, आणि त्यांच्या मंडळीने त्यांना नकळत गीत गाऊन निरोप दिला. लोकांनी डोळे पुसले. मी ऐकून घेतलं. कबरीपाशी भांडण नको.

पण पुढच्या रविवारी, पास्टर आक्कांसाठी मुद्दाम आले होते तेव्हा, साक्ष द्यायची, म्हणजे देवाने काय केलं ते उभं राहून सांगायची वेळ आली आणि मी उभी राहिले. आशिष गेल्यापासून मी साक्ष दिली नव्हती, त्यामुळे सगळे जरा आनंदाने माझ्याकडे बघू लागले. मी सांगितलं की आक्का पहाटे गेलेल्या नाहीत. साडी नेसून, पिन लावून झाल्यावर त्यांना झटका आला. मी हात लावला तेव्हा अंग कोमट होतं, जबडा धरलेला नव्हता; पहाटे गेलेल्या माणसाचा दुपारपर्यंत आखडतो. म्हणजे आपण अंगणात गात होतो तेव्हा त्या जिवंत होत्या. वाचा गेली असेल, हात उचलत नसेल; कान शाबूत असणार. त्या आपलं गाणं ऐकत होत्या आणि आपल्यातलं कोणीतरी दार ढकलेल याची वाट बघत होत्या.

पास्टर हळूच म्हणाले, "सिस्टर, हे सांगायची गरज होती का?"

"व्हय, होती," मी म्हणाले.

योहान दादा ढोलकीवर डोकं टेकून रडायला लागले. "मी दारापाशीच व्हतो गं," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. एकीने समजूत काढायला म्हटलं की गाणं ऐकता ऐकता जीव गेला, हे काय कमी आहे? मला ते सहन झालं नाही. मी म्हणाले, ज्याला पाणी हवं त्याला गाणं पाजू नये. वेळेवर नेलं असतं तर त्या वाचल्या असत्या का, हे मला सांगता येणार नाही; मी नर्स आहे, नुसता धीर देण्यासाठी काही बोलत नाही. पण एकट्या जमिनीवर तरी राहिल्या नसत्या. कोणीतरी म्हणालं, "मंग आता काय, जायचंच बंद करायचं का? कोणत्या तोंडानं जावं कोणाच्या दारात?" कोणी म्हणालं, आक्कांनी घातलेला नियम आहे, तो आपण कसा मोडायचा? मी म्हणाले, "तो नियम त्यांनी माझ्यासाठी घातला होता. मी जिवंत आहे, मी मोडते. वाजवायचं असेल तर जा, न्हाई तर कोणाकडंच जाऊ नका." आणि तशीच बाहेर पडले.

त्यानंतर दोन रविवार कोणी कोणाच्या घरी गेलं नाही. उपासना झाली की माणसं खाली मान घालून चपला शोधायची. योहान दादांनी येणंच सोडलं. ढोलकी त्यांच्या घरी, त्यामुळे गाणी नुसत्या टाळ्यांवर, आणि टाळ्या तरी किती हातांच्या! आक्का बोलल्या होत्या तसंच एकेक निखळत चाललं होतं. मला वाटलं, संपलं. खरं सांगायचं तर अजूनही वाटतं. आज ना उद्या ते पत्र्याचं घर बंद होणार. आमच्यातलं कोणीतरी एक शेवटचं उरणार आणि त्याच्या अंगणात उभं राहायला कोणी असणार नाही. मी रोज सकाळी आक्कांच्या घराचं कुलूप बघते आणि मनात हेच येतं. यावर उतारा माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर मला कळवू नये, मी फार ऐकले आहेत.

गेल्या रविवारी मला ताप होता. गेले नाही, पांघरूण घेऊन पडून राहिले. दुपार व्हायच्या आधी अंगणात पावलं वाजली. थोडीच. कोणीतरी गाणं उचललं, खाली उचललं, मध्येच वर नेलं, दोन कडवी कशीबशी पार पडली. मग शांत झालं. मी छताकडे बघत पडले होते आणि माझ्या लक्षात आलं की मी श्वास धरून ठेवला आहे. पावलं परत फिरली नाहीत. बाहेर काही कुजबुज झाली... आणि दार वाजलं. इतकं हलकं, की मांजराने अंग घासलं असावं.

"आहे, आहे! जिवंत आहे!" मी ओरडले. पण ते जाईनात. उत्तराने त्यांचं भागलं नव्हतं. उठून, भिंत धरत जाऊन मी दार उघडलं तेव्हा ती चार माणसं माझ्याकडे अशी बघत होती की मला हसू आलं आणि मग रडू आलं. आशिष गेल्यानंतर मी कोणासमोर रडले नव्हते. कोणी जवळ आलं नाही, कोणी वचन म्हटलं नाही. मग एक बाई म्हणाली, "सिस्टर, तुमी पडा आता. आमाला अजून योहान दादाकडं जायचं हाये."

मी चपला घातल्या, शाल घेतली आणि निघाले. ताप होता, पण ही माणसं फार हळू वाजवतात.