वाचक एवढं बघत नाही

छापखान्यात सगळे त्यांना कानामात्रा म्हणत. एकतीस वर्षं मुद्रितं तपासून नजर अशी झाली होती, की औषधाच्या बाटलीवरची चुकीची वेलांटीसुद्धा त्यांना खुपायची. माणूस अबोल, पण चूक दिसली की कानामागची पेन्सिल हातात आलीच म्हणून समजा. घरी ते आणि थोरली बहीण, दोघंच. ताईला हेरकथांचं भारी वेड.

तसलीच एक जाडजूड कादंबरी छापायला आली. लेखक गाजलेला. सरकारी कचेरीत दडलेला एक फितूर आणि त्याच्या मागावरचा हेर. कानामात्रांनीही ती आवडीने वाचली, तीनशे नव्वदाव्या पानापर्यंत. तिथे, शेवटच्या उलगड्यात, फितूर बुधवारी दुपारी कचेरीतून नकाशा पळवतो. एकशे चाळिसाव्या पानावर मात्र त्याच बुधवारी दुपारी तो इस्पितळात भूल दिलेल्या अवस्थेत पडलेला असतो. त्यांनी समासात लिहिलं, ‘एकच माणूस एका वेळी दोन ठिकाणी. दिवस बदलावा.’

मुद्रित लेखकाकडे जाऊन परत आलं. पेन्सिलीखाली निळ्या शाईत चार शब्द होते: ‘वाचक एवढं बघत नाही.’

वाचकांनी बघितलं. पुस्तक बाजारात आल्यावर महिन्याभरात छापखान्यात पत्रांचा ढीग लागला. एकाने लिहिलं, ‘शेवट वाचून पुस्तक भिंतीवर फेकलं. भिंतीचा गिलावा पडला, पुस्तकाला काही झालं नाही.’ दुसऱ्याने, ‘तुमचा फितूर भूत असेल तर तसं मुखपृष्ठावर छापा.’ एका निवृत्त परिचारिकेचं पत्र सगळ्यांत कडक होतं. ‘शस्त्रक्रियागृहात मी छत्तीस वर्षं काढली. भूल दिलेला माणूस पोट शिवायच्या आत नकाशे चोरत नाही. ही चूक कुणालाच दिसली नाही का, की आम्हालाच मूर्ख समजता?’

ताईही भडकली. “चारशे पानं फरपटत नेलं आणि शेवटी तोंडाला पानं पुसली. तू काय झोपा काढत होतास?”

त्यांनी चार शब्दांची हकिकत सांगितली.

“मग गप्प का बसलास?”

“माझं काम दाखवायचं, ताई. बदलायचं नाही.”

एके दिवशी लेखक स्वतः छापखान्यात आला आणि यंत्रांवरच्या माणसांसमोर म्हणाला, “तुमच्या तपासनिसाने घोळ घातला आणि शिव्या मी खातोय.” मालकांनी मान डोलावली. तो गेल्यावर त्यांनी पत्रांचा गठ्ठा कानामात्रांपुढे सरकवला. “सगळ्यांना लिहा, मुद्रणदोष होता, क्षमस्व.”

“मुद्रणदोष नव्हता. तुम्हालाही ठाऊक आहे.”

“ठाऊक असणं वेगळं, लिहिणं वेगळं. हा लेखक गेला तर निम्मी यंत्रं बंद पडतील.”

कानामात्रांनी त्रेसष्ट उत्तरं लिहिली. ‘चूक मुद्रणाची नाही. ती दाखवली होती, दुरुस्त झाली नाही. आपला राग रास्त आहे.’ परिचारिकेने सरळ प्रश्न विचारला होता, म्हणून तिच्या पत्रात ते चार शब्दही उतरवले.

पुढच्या आठवड्यात वाचनालयात लेखकाची वाचकांशी भेट ठेवली होती. सभागृह खचाखच भरलेलं आणि आलेला प्रत्येक जण दातओठ खात आलेला. लेखकाने मुद्रणदोषाचं पालुपद लावताच परिचारिका उभी राहिली आणि तिने कानामात्रांचं उत्तर वाचून दाखवलं. “हे शब्द तुमचे आहेत की नाहीत?”

“छापखान्यातला एक नोकर माझ्यावर डूख धरून आहे,” लेखक म्हणाला.

मागच्या रांगेतून कानामात्रा उठले. पिशवीतून त्यांनी मुद्रिताचं ते पान काढलं, परिचारिकेच्या हातात दिलं आणि बाहेर पडले. कागद रांगारांगांतून फिरला. “एवढंही बघत नाही म्हणे आम्ही,” कुणीतरी मोठ्याने म्हणालं, आणि मग लेखकाला कुणी बोलूच दिलं नाही.

सकाळी मालकांनी कानामात्रांना दारातच अडवलं. “ज्या घरचं खाल्लंत, त्याच घरचे वासे मोजलेत.” नोकरी गेली. लेखक दुसऱ्या छापखान्याकडे गेला, आणि दोन महिन्यांत यंत्रांवरच्या तिघांनाही घरी बसावं लागलं.

कानामात्रांना औषधांची माहितीपत्रकं तपासायचं काम मिळालं. एकदा ताईबरोबर बाजारातून येताना त्या तिघांपैकी थोरला यंत्रवाला समोर आला. वीस वर्षं एकाच बाकावर त्यांनी डबा खाल्लेला.

“तुमचा खरेपणा तुम्हाला लखलाभ,” तो म्हणाला. “माझी दोन पोरं शाळेतून काढावी लागली.”

तो निघून गेला.

बरंच अंतर चालल्यावर ताईने विचारलं, “पस्तावतोस का रे?”

“त्याच्यापुरता,” ते म्हणाले आणि तिच्या हातातली पिशवी त्यांनी आपल्याकडे घेतली.