जावळाची मेंढी

कोल्पापाता गावच्या कुरणाचे जुने कागद सबिना कोंडोरीच्या घरात कातडी पेटीत असायचे. राजाच्या अमलातले, लाल मोहरेचे. मरताना सासूनं ती पेटी तिच्या मांडीवर ठेवली, तेव्हापासून सबिना घर सोडून दोन रात्री कुठं राहिली नव्हती.

रेनान उगार्ते पहिल्यांदा गावात आला तो नुसता पोरगेला वकील. बुटाचे तळ गेलेले, आत वर्तमानपत्र कोंबलेलं. जमीनदारानं कुरण दाबलं होतं आणि गावाच्या बाजूनं उभं राहायला दुसरा वकील धजत नव्हता. तीन वर्षं त्यानं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. सबिनाच्या चुलीपाशी बसून बर्फात वाळवलेल्या बटाट्याचं कालवण ओरपलं. तिच्या पोरीचं, नीवेसचं, जावळ त्यानंच काढलं. पहिली बट कापली, रिवाजाप्रमाणं एक मेंढी दिली, आणि सबिनाचा धर्मभाऊ झाला.

खटला राजधानीत गेला तेव्हा त्यानं अस्सल कागद मागितले. सबिनानं पेटी उघडून दिले. पावती कुणी मागितली नाही. भावाकडं पावती मागायची म्हणजे त्याच्या ताटात थुंकायचं.

खटला जिंकला. गावानं त्याला खांद्यावर नाचवला, पोती भरून मतं दिली, खासदार केला. पुढच्या वीस वर्षांत तो पक्षाचा पुढारी झाला आणि यंदाच्या हिवाळ्यात खाणमंत्री. नीवेसला त्याच्याच शब्दावर राजधानीतल्या शाळेत नोकरी लागली. कागद तेवढे परत आले नाहीत.

अन् त्याच हिवाळ्यात कुरणात लाल खुंट ठोकणारी माणसं आली. खाण होणार. जुना निकालही त्याच कागदांवर उभा; ते नसतील तर जमीन पड म्हणून सरकारजमा. सुनावणी गुरुवारी.

गावसभेत म्होरक्या आलेहो म्हणाला, "सबिने, पेटी तुझ्याकडं हाय. कागद आण."

"आन् न्हाई मिळालं तर?"

"तर कोर्टात सांग, कुणाच्या हातात दिलंस ते."

धर्मभावावर साक्ष देणारं माणूस त्या मुलखात जन्मलं नव्हतं.

सोमवारी ती ट्रकच्या मागं बसून राजधानीला गेली. पाठीवरच्या रंगीत फडक्यात एक कोकरू बांधलं होतं. जावळाच्या त्या मेंढीच्या वंशातलं. भेट म्हणून नेतेय की परत करायला, हे तिनं स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"मावशे, पाठीवर पोर हाय काय?" मंत्रालयाच्या दारावरच्या शिपायानं विचारलं.

"व्हय. मामाला भेटाया आलंय."

मंत्र्यानं उठून मिठी मारली. "ताई! किती वाळलीस गं! नीवेसची शाळा काय म्हणते?"

"बरी हाय. भाऊ, कागद दे."

त्यानं चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "कुठल्यातरी दप्तरात असतील. अर्ज करावा लागेल. तुमच्याकडे पावती आहे का?"

'तुमच्याकडे' ऐकल्यावर सबिना उठली. फडकं सोडून तिनं कोकरू गालिच्यावर ठेवलं. ते तिथंच मुतलं.

"तुझ्या मेंढीचं हाय. घे माघारी."

त्याचा चेहरा उतरला. "ताई, जावळाची मेंढी आजवर कुणी माघारी दिली नाही."

"आजवर कुणी पावतीबी मागितली न्हाई, वकीलसाहेब."

"नीवेसचा तरी विचार कर."

"तिला मीच सांगते."

शाळेच्या फाटकाशी तिनं साक्षीचं सांगितलं. नीवेसनं खडूचे हात परकराला पुसले. "आई, माझी नोकरी जाणार."

"जाणार."

"मला आधी इचारायचं तरी."

"इचारलं असतं तर माझ्या हातून झालं नसतं."

नीवेस आत गेली. आईला ट्रकपर्यंत सोडायला आली नाही.

गुरुवारी सबिना साक्षीला उभी राहिली. न्यायाधीशानं विचारलं, "कागद मंत्र्यांना दिले म्हणता. ते तुमचे कोण?"

"कुणी न्हाई."

कारकुनानं ते लिहून घेतलं. मंत्र्याला जबाबाला बोलवायचं, तोवर खुंट ठोकायचं बंद, असा हुकूम झाला. मागं गाव गलका करत होतं. सबिनाच्या डोळ्यापुढं मात्र चुलीपाशी वाळत ठेवलेले फाटके बूट होते. त्यातलं ओलं वर्तमानपत्र ती रोज काढायची आणि कोरडं कोंबायची. तिनं कठड्याचा गज धरला आणि दुसरा प्रश्न काय येतो त्याची वाट बघत राहिली.