टीव्हीकडे पाठ करून

मावशी टीव्हीकडे पाठ करून बसायच्या. इकडं तोंड करा म्हटलं, की ठरलेलं उत्तर यायचं, "चित्र तुमी बघा. मला वारं दारातनं येतं."

आमच्या गारखेड्यातल्या कॉलनीत त्या शेजारी राहायच्या. जन्मापासून आंधळ्या, पैठणहून मुलाकडे आलेल्या. दर आठवड्याची रहस्यमालिका ऐकायला त्या आमच्याकडे येत. सगळे त्यांना हात धरून बसवायचे, टँकरवरची घागरही भरून द्यायचे. मावशींना याचा मनस्वी राग यायचा.

दुष्काळाचं साल होतं. चहूकडे इमारती उठत होत्या आणि पाणी मात्र टँकरनं येत होतं. कॉलनीनं बोअर मारायचं ठरवलं, पण जागेवर एकमत होईना.

अशात मालिकेत एक आंधळी बाई आली. तिला म्हणे दिव्यदृष्टी. तिनं खुनी म्हणून एकाचं नाव घेतलं आणि भाग तिथंच संपला. दुसऱ्या दिवशी कॉलनीचे अध्यक्ष अप्पा नारळ घेऊन मावशींच्या दारात हजर. नारळ तळहातावर धरून चालायचं, तो जिथं उभा राहील तिथं पाणी, ही रीत तुम्हाला ठाऊक आहेच. त्यासाठी एरवी पाणाड्याला बोलावतात. अप्पांना मावशी त्याहून भारी वाटल्या.

मावशींचा चेहरा उतरला. "आज पाया पडताल. बोअर कोरडा गेला की मलाच धरताल. मला काय बी दिसत नाय, अप्पा." मग म्हणाल्या, "आन् त्या टीव्हीतल्या बाईला चांगलं दिसतंय. ती आंधळीच नाय."

"कशावरून?"

"पुढच्या भागात बघा. माझं खरं निघालं, तर मला देवी करायचं नाय. टँकरला रांगेत उभं राहू द्यायचं, समद्या बायांसारखं. खोटं निघालं, तर आणा तुमचा नारळ."

पुढच्या आठवड्यात आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मावशी पाठ करूनच बसल्या, पण बोटं पदराशी चाळा करत होती. शेवटी त्या बाईनं काळा चष्मा काढला आणि इन्स्पेक्टरवर नजर रोखली. खून तिनंच केला होता. आम्ही अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

"म्हणजे मावशींना दृष्टी आहेच," अप्पा पुटपुटले.

"कशाची दिष्टी? मागच्या टायमाला कुणी बोललं नाय, पाऊल वाजलं नाय, भांडं वाजलं नाय, आन् ही एकदम म्हणली, पाणी नको मला. न बघता कसं कळलं तिला?"

त्या बाईपुढं धरलेला पाण्याचा ग्लास आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. म्हणूनच कुणाला काही खटकलं नव्हतं.

अप्पांनी मग पाणाड्या आणला. बोअर कोरडा गेला, पण मावशींना कुणी बोल लावला नाही.

आता मावशी नाहीत. त्यांच्या घराच्या जागी चार मजली इमारत आहे. मला मात्र त्या आठवतात त्या पैजेनंतरच्या पहिल्या टँकरच्या सकाळच्या. हात धरायला गेलेल्या माझ्या बायकोला त्यांनी झिडकारलं, पाइपासाठी तावातावानं भांडल्या आणि अर्धी घागर सांडून, ओल्याचिंब लुगड्यानं परत आल्या. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दारातूनच त्यांनी मुलाला हाक मारली, "आरं, त्या समोरच्या काकूनं मला ढकललं. लई जोरात ढकललं."